बारीक टाइप वाचतो, पण स्टूल दिसत नाही : दृष्टी पुनर्वसन केंद्रातले बारा आठवडे

मी मुद्रितशोधक आहे. 26 वर्षं प्रूफं तपासतोय. सहा पॉइंटातली तळटीप मला अजून चष्म्याने वाचता येते, आणि त्याच टेबलाशेजारी कुणी सरकवून ठेवलेलं स्टूल मात्र नडगीला लागेपर्यंत दिसत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात हे लोकांच्या गळी उतरवण्यात माझी निम्मी हयात गेली. "पेपर तर वाचतोस की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं प्रूफसुद्धा काढता येईल.

आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. साधारण चार हजार माणसांत एकाला होतो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी जातात, त्यामुळे सुरुवात रात्री चाचपडण्यापासून होते. मग नजरेच्या कडा कुरतडल्या जातात. मधला तुकडा बहुतेकांचा बराच काळ टिकतो. दोन्ही डोळे मिळून माणसाला आडवं जवळजवळ 180 अंश दिसतं. माझं आता दहाच्या आसपास आलंय. दहा अंश म्हणजे किती ते पाहायचं असेल तर हात समोर ताठ करा आणि मूठ वळा. त्या मुठीआड जेवढं झाकलं जाईल तेवढं माझं जग. बाकीचं काळं दिसतं का, असं सगळे विचारतात. काळं नाही दिसत. तुमच्या डोक्यामागे काय आहे ते तुम्हाला काळं दिसतं का?

इतकी वर्षं मी हे रेटून नेलं. मग एका गजबजलेल्या व्हरांड्यात तीनेक वर्षांचं एक मूल माझ्या गुडघ्यांवर आदळून पडलं. म्हणजे मीच त्याच्यावर आदळलो. त्याची आई ओरडली, "आंधळे आहात का?" याचं उत्तर 'हो' असं द्यायला हवं होतं आणि मला ते देता आलं नाही. "सॉरी, लक्ष नव्हतं," म्हणालो. त्या खोटं बोलण्याची लाज मूल पाडल्याच्या लाजेपेक्षा जास्त दिवस टिकली. पुढच्याच महिन्यात मी पुनर्वसन केंद्रात नाव घातलं.

केंद्राचं नाव लिहीत नाही. काही तक्रारी आहेत, आणि ज्यांनी मला चालायला शिकवलं त्यांच्याशी चव्हाट्यावर भांडायची इच्छा नाही. अशा केंद्रांचा साचा साधारण सारखाच असतो: दृष्टीची तपासणी, मोबिलिटी म्हणजे एकट्याने चालणं-फिरणं, घरातली कामं, कॉम्प्युटर आणि मोबाइल, ब्रेल, समुपदेशन. तेव्हा तुम्ही कुठेही जाणार असाल तरी यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

सुरुवात वाईट झाली. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, "यांचं नाव काय?" ती म्हणाली, "ते इथेच उभे आहेत, बोलतातही." मग "यांना सही करता येते का?" हेही तिलाच. जिथे दिवसभर न दिसणारी माणसंच येतात तिथल्या काउंटरला एवढं शिकवायला किती वेळ लागतो? बाराव्या आठवड्यापर्यंत त्यात फरक पडला नाही. फक्त मी एकटा यायला लागलो, त्यामुळे त्यांना दुसरं कुणी विचारायला उरलं नाही.

तपासणी मात्र उत्तम. डोळ्यांच्या दवाखान्यात आजवर मला 'किती दिसतं' एवढंच विचारलं गेलं होतं. इथल्या लो व्हिजनच्या, म्हणजे अधू नजरेसाठीच्या विभागाच्या, मॅडमनी पहिला प्रश्न केला, "दिवसभरात काय काय करायचं असतं, आणि त्यातलं काय अडतं?" तासभर त्या लिहून घेत होत्या. मी भिंग मागायला गेलो होतो. माझ्या डोक्यात लो व्हिजन म्हणजे भिंग. त्यांनी एक जाड भिंग हातात दिलं आणि वाचायला लावलं. अक्षर मोठं झालं, पण माझ्या मुठीत आता पूर्ण शब्दही मावेना. 'पुनर्वसन'मधलं 'पुन' दिसलं की 'र्वसन' बाहेर. "बघा," त्या म्हणाल्या, "मधलं अंधुक झालेल्यांना भिंग लागतं. तुमचं मधलं ठीक आहे, तुम्हाला ते उलट नडेल." मग पिवळसर फिल्टरचा चष्मा लावून खिडकीकडे बघायला सांगितलं. उन्हातून आत आल्यावर माझे डोळे सावरायला जो वेळ जायचा, तो त्याने बराच कमी झाला. शिवाय एक फुकटचा सल्ला: काळ्या टेबलावर पांढरा कप, पांढऱ्या टेबलावर काळा. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना गडद पट्टी. घरी येऊन त्याच दिवशी पट्ट्या चिकटवल्या. वर्षानुवर्षं मी घरातल्या वस्तू डोळे ताणून शोधत होतो, आणि अडचण रंगाशी रंग मिसळण्याची होती.

आता काठी. खरं तर हा सगळा लेख काठीबद्दलच लिहायचा होता.

माझ्या पिशवीत एक घडीची पांढरी काठी चार वर्षं पडून होती. कुणीतरी भेट दिलेली. ती मी दोनदा बाहेर काढली, दोन्ही वेळा कुणी ओळखीचं दिसलं आणि परत घडी केली. मोबिलिटीच्या ताईंनी ती हातात घेतली, उघडून माझ्या छातीशी लावली आणि म्हणाल्या, "ही तुमची नाहीच. एखाद्या बुटक्या माणसाची आहे." काठी उभी धरली की छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी, हा ढोबळ हिशेब. माझी पोटाशी संपत होती. म्हणजे चार वर्षं मी जी वापरायला लाजत होतो, ती वापरली असती तरी उपयोगाची नव्हती.

काठीचा इतिहास ताईंनी चालता चालता सांगितला आणि तो माझ्या चांगलाच कामी आला. काठीला पांढरा रंग देण्याचं श्रेय ब्रिस्टलच्या जेम्स बिग्जला देतात. साल 1921. अपघातात दृष्टी गेलेला हा फोटोग्राफर, घराभोवतीच्या वाहनांना धास्तावून त्याने आपली काठी रंगवली, चालकांना दिसावी म्हणून. ती लांब झाली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात युद्धात अंध झालेल्या सैनिकांना चालायला शिकवताना रिचर्ड हूव्हरने लांब, हलकी काठी आणि ती पुढे फिरवण्याची पद्धत बसवली. तोवरच्या काठ्या टेकायच्या होत्या, ही चाचपायची. म्हणजे रंग दुसऱ्यांसाठी आणि लांबी माझ्यासाठी. मी रंगाला लाजून लांबीला मुकत होतो.

पद्धत ऐकायला सोपी आहे. मनगट बेंबीसमोर, हात स्थिर, काठीचं टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा जरा जास्त डावी-उजवीकडे. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे, उजवा पडताना डावीकडे. कारण पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा टोकाने आधी बघून ठेवायची. हे मला जमायला नऊ दिवस लागले. पाय आणि टोक एकाच बाजूला जायचे, आणि ताई मागून शांतपणे म्हणायच्या, "पुन्हा हातात हात घालून निघाले दोघं." व्हरांडा एकोणतीस पावलांचा होता. तो मी किती वेळा मोजला त्याला गणती नाही.

तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांवर पट्टी आली आणि मी भडकलो. मला दिसतं, तेवढं तरी राहू द्या ना! यावर प्रशिक्षकांमध्येही दोन तट आहेत. काही म्हणतात, असलेली नजर वापरायला शिकवा. काही म्हणतात, आधी नजर बाजूला ठेवून काठीवर भरवसा बसू द्या, मग नजर परत घ्या. ताई दुसऱ्या तटाच्या. "पार्शल लोक काठी हातात धरतात आणि विश्वास डोळ्यांवर ठेवतात. मग काठी सांगते एक, डोळा सांगतो दुसरं, आणि तुम्ही डोळ्याचं ऐकून पडता." (केंद्रात सगळे असंच बोलतात: अजिबात न दिसणारे 'टोटल', थोडं दिसणारे 'पार्शल'. टोटल लोक आम्हाला जरा कच्चे समजतात. बरोबरच आहे.)

पट्टी बांधून पहिल्यांदा फूटपाथच्या कडेशी आलो तो क्षण अजून मनगटात आहे. टोक टक्-टक् करत पुढे जात होतं, आणि एका ठिकाणी टक् आलंच नाही. टोक खाली गेलं, मनगट किंचित झुकलं, आणि माझा उचललेला पाय हवेत थांबला. मी थांबवला नाही, तो आपोआप थांबला. डोळे उघडे असताना अशा कडांवरून मी डझनभर वेळा पडलोय. त्या दिवशी मी तिथेच दोन मिनिटं टोक वर-खाली करत उभा राहिलो. ताईंनीही घाई केली नाही.

काठीला जे जमत नाही तेही सांगतो, कारण केंद्रात ते जरा उशिरा सांगितलं. कमरेच्या वरचं तिला काही कळत नाही. झुकलेली फांदी, ट्रकच्या मागे बाहेर आलेले गज, भिंतीवरची उघडी खिडकी: सगळं थेट कपाळाला. हात कपाळासमोर आडवा धरून चालायची एक पद्धत आहे, पण ती रस्त्यावर सतत करता येत नाही. मी टोपी घालायला लागलोय. तिची कड कपाळाच्या आधी लागते.

रस्त्यावरच्या उठावदार फरश्यांचा अर्थही इथेच कळला. वर्षानुवर्षं त्या मला सजावट वाटत होत्या. लांब पट्ट्या म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या 1965 मध्ये शोधल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. नीट बसवल्या असतील तर बुटातूनसुद्धा वाचता येतात. वाईट बसवल्या असतील तर सरळ खांबावर नेऊन सोडतात, आणि मुद्रितशोधकाच्या दृष्टीने त्याला मी चुकीच्या ठिकाणी दिलेला पूर्णविराम म्हणतो.

मोबिलिटीवर माझी मोठी तक्रार एकच. सगळे तास सकाळी दहा ते दुपारी चार. रातांधळेपणा हे ज्यांच्या आजाराचं पहिलं लक्षण, त्यांना भर दुपारी चालायला शिकवायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं! मी लेखी विनंती केली. उत्तर आलं की कर्मचाऱ्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत. शेवटी ताई स्वतःच्या वेळात एकदा संध्याकाळी आल्या. त्या एका तासात मला कळलं की अंधारात मी पट्टी बांधल्यासारखाच असतो, आणि पट्टीची सवय आता मला आहे. म्हणजे पट्टीवरून मी भडकलो होतो ते चुकलंच होतं. हे त्यांना तेव्हा सांगितलं नाही, इथे सांगतो.

घरातली कामं शिकवणारा वर्ग ठीक. कपाच्या काठाला अडकवायचं एक छोटं यंत्र मिळालं, गरम पाणी वर आलं की ते पीं करतं. बोट बुडवून बघण्यापेक्षा बरं. बाकीचं मी आधीपासून करतच होतो.

बॅचमध्ये आम्ही सहा जण. त्यात एक आजी होत्या, त्यांना मॅक्युलाचा आजार. म्हणजे माझ्या बरोब्बर उलट: मधलं गेलेलं, कडेचं शाबूत. त्या माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायच्या. समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून नजर जराशी बाजूला ठेवायची, हे त्यांना मुद्दाम शिकवलं होतं. आणि लोक त्यांना म्हणायचे, आजी तोंडाकडे बघून बोलत नाहीत, शिष्ट आहेत. एकदा आम्ही दोघं केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर चुकलो. त्यांनी मला दोन खुर्च्या आणि एका कुंडीतून सुखरूप बाहेर काढलं, मी त्यांना दारांवरच्या पाट्या वाचून दाखवल्या. चौथी पाटी स्वच्छतागृहाची निघाली तेव्हा आजी म्हणाल्या, "आधी हेच वाचलं असतंत तर बरं झालं असतं."

समुपदेशनाबद्दल मला शंका होती. धीर धरा, सकारात्मक राहा, असलं काही असेल असं वाटलं होतं. थोडं होतंही. पण त्याच तासात आजींनी खालच्या आवाजात सांगितलं की त्यांना संध्याकाळी खोलीत माणसं दिसतात. रंगीत कपडे घातलेली, बोलत नाहीत, नुसती उभी असतात. वेड लागतंय या भीतीने सुनेलाही सांगितलं नव्हतं. समुपदेशक सरांनी अजिबात न दचकता विचारलं, "टोप्या घातलेल्या आहेत का?" आणि मग समजावलं. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. स्वित्झर्लंडच्या बॉने यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. आजोबांची नजर अधू होत गेली होती आणि डोकं शाबूत होतं. आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी घरी सांगू शकते." बाकीचे अकरा आठवडे वाया गेले असते तरी त्यांच्यापुरता हा एक तास पुरेसा होता.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. कॉम्प्युटरच्या वर्गात स्क्रीन रीडर शिकवतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली. आम्हाला एनव्हीडीए शिकवली. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 मध्ये सुरू केलेलं काम, आणि ते फुकट आहे. शिकवणारे सर टोटल. त्यांचा वाचक इतक्या वेगाने बोलतो की मला ते भांडं घासल्यासारखं ऐकू येतं. त्यात ते मेल वाचून, उत्तर देऊन मोकळे होतात. मी अजून सावकाश गाडीत आहे. वर्गाचा दोष असा की पहिले तीन आठवडे इंग्रजी टायपिंगवर गेले आणि मराठीला शेवटचे दोन तास उरले.

त्या दोन तासांत मी हादरलो. यंत्राला 'जग' कुठला ते कळत नाही. पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, अक्षरं तीच, 'ज' वेगळा. ते मी सोडून देतो, माणसंही अडखळतात. पण मी मुद्दाम 'सुत' आणि 'सूत' लागोपाठ लिहून ऐकले. मुलगा आणि धागा. माझ्या कानाला दोन्ही सारखेच. 'दिन' आणि 'दीन' तसंच. काना-मात्रा-वेलांटीवर ज्याचं पोट आहे त्याने कानावर विसंबायचं कसं? अक्षर-अक्षर वाचून घेता येतं, पण दोनशे पानं तशी वाचली तर लेखक म्हातारा होईल.

सर म्हणाले, "ब्रेल शिका." मी म्हणालो, मला अजून वाचता येतं. ते म्हणाले, "म्हणूनच आत्ता शिका."

ब्रेलचं घर सहा ठिपक्यांचं. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. मराठी ब्रेलमध्ये ऱ्हस्व 'इ' म्हणजे दोन आणि चार. दीर्घ 'ई' म्हणजे तीन आणि पाच. बोटाखाली घेऊन बघितलं तर आकार तोच, फक्त एक ओळ खाली सरकलेला. आणि छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, इथे ती बोलल्याप्रमाणे अक्षरानंतर येते. 'किती' या शब्दात दोन्ही वेलांट्या लागोपाठ येतात: क, मग दोन-चार, त, मग तीन-पाच. मी तो शब्द बोटाने पुन्हा पुन्हा वाचला. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कानाला कळत नव्हता तो बोटाला कळत होता. पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, त्यात माझी मिनिटाला चार अक्षरांची गती आहे. माझ्या उजव्या तर्जनीला अजून 'द' आणि 'न' यांत गोंधळ होतो. दोघांत एका ठिपक्याचा फरक आहे. पण केंद्रात जाऊन मिळालेलं सगळ्यात अनपेक्षित काही असेल तर हे.

कुणी जावं? टोटल माणसांना कुणी सांगायची गरज नसते, ते जातात. माझ्यासारखे पार्शल जात नाहीत, कारण अजून 'तेवढं' झालेलं नसतं. जा. शक्यतो मधला तुकडा शिल्लक असताना जा. पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या: संध्याकाळचे तास आहेत का, मराठीला किती वेळ आहे, आणि कोर्स संपल्यावर घरी किंवा कामाच्या ठिकाणी कुणी येतं का. आमच्याकडे घरी एक भेट होती. कामाच्या ठिकाणी कुणी आलं नाही. तिथल्या दिव्याची जागा मी स्वतःच भांडून बदलून घेतली.

शेवटच्या दिवशी आम्हाला अभिप्रायाचा फॉर्म दिला. छापील. फिकट करड्या शाईत, आठ पॉइंट. सहा जणांत तो वाचू शकणारा मी एकटा. मग मी सगळ्यांना तो मोठ्याने वाचून दाखवला, प्रत्येकाची उत्तरं भरली, आजींनी काउंटरबद्दल जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं. माझा फॉर्म शेवटी भरला. त्यात 'अभीप्राय', 'सुचना' आणि 'पुर्नवसन' असे छापलेले होते. लाल पेन खिशात होतंच.